चौथा म्हणून घेतलेला दगड

मार्गशीर्ष वद्य पंचमी, गुरुवार. दुपार टळत आली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या भाजत होते. पहाटे पन्हाळ्याला निघायचं होतं.

आधीच सांगते — भानामती, उतारे, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला हाकलते आणि पुढे जाते. आपल्या मासिकात लोक अनुभव लिहून पाठवतात, तेही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. हा माझा, जसा घडला तसा.

जाणार तिघं... मी, सासूबाई आणि धाकटे दीर महादू. गड पाहण्याचं ठरलं ते सासूबाईंच्या हट्टानं. जन्मभर रंकाळ्यावरून गड लांबून पाहिला, चढल्या कधीच नाहीत. माझे यजमान त्यांना "एकदा दाखवतो" म्हणायचे, ते राहून गेलं. दोन वर्षांमागच्या प्लेगात दरबारच्या हुकमानं गाव रिकामं झालं, आम्ही रानात झोपड्या घालून राहिलो, तिथंच यजमानांना ताप भरला. त्यांना आजाऱ्यांच्या शेडमध्ये हलवलं. तेव्हा दोन्ही लेकी माझ्याजवळ होत्या, म्हणून मी गेले नाही. सासूबाई गेल्या, त्यांना फाटकावरूनच परत लावलं. चौथ्या दिवशी निरोप आला. शेवटचं पाणीसुद्धा आमच्यापैकी कुणी घातलं नाही.

मी रडले नाही. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. लेकी यथावकाश सासरी गेल्या. आता गड बघून झाला की पायथ्याच्या भाचीकडे कायमचं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचं लुगड्यांचं बोचकं मीच बांधलं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

तिघांनी एका कामाला घराबाहेर पडू नये, अशी आमच्याकडची रीत. पडायचंच तर एक दगड चौथा म्हणून बरोबर घ्यायचा. गाडीवान मोजायचा नाही, तो घरचा नव्हे. मी न्हाणीमागच्या ओलीतून नारळाएवढा एक दगड उचलला, यजमानांच्या जुन्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि माजघरातल्या पाटीत ठेवला. दगड गार होता, शेवाळलेला होता. हे मला पक्कं आठवतं, कारण हात परत धुवावे लागले.

घटकाभरानं गाडीवान हुसेनभाई ओझं किती आहे ते बघायला उचगावाहून आले. पाटी उचलताना त्यांचा हात आतल्या दगडाला लागला, तशी त्यांनी ती खाली ठेवली.

"अक्का, ह्यो दगुड उन्हात ठेवलासा व्हय?"

"ऊन कुठलं माजघरात?"

"मग चुलीतनं काढलासा. हात लावून बगा की!"

मी उलटा हात लावला. गरम होता. चुलीजवळचा दगड तापतो तसा कढत नव्हे. अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

महादू हसायला लागले. "वैनी, चौथं पावणं आजारी पडलं की ओ! वैद्याला बलवू काय?"

मी पटक्यातून दगड सोडला, घंगाळात बुडवला, भाकऱ्या पुऱ्या होईपर्यंत पाण्यात ठेवला. काढला तेव्हा गार. पुसून कोरड्या फरशीवर ठेवला, शेजारी न्हाणीमागचा दुसरा दगड आणून ठेवला. दिवेलागणीपर्यंत दुसरा तसाच गार... आणि हा पुन्हा तापलेला. महादूंचं हसणं थांबलं. तोवर थांबलेले हुसेनभाई म्हणाले, "सकाळी लौकर आवरा. म्हाराजांची स्वारी सोनतळीकडं निघाली की रस्त्यावर नुसता धुरळा," आणि मागं न बघता गेले.

सासूबाई देवदर्शनाहून आल्या. त्यांना आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. फरशीवर दोन दगड बघून त्या वाकल्या, पहिल्यालाच हात लावला, आणि तिथंच बसल्या.

"आगं," त्या म्हणाल्या, "ह्येला ताप हाय."

दोन वर्षांत माझ्याकडे बघून बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हाय," मी म्हटलं.

"फडकं भिजवून आण."

मी आणलं. घडी करून त्यांनी ते दगडावर ठेवलं. वाळलं की मी बदलत होते. मी हे का करत होते, ते मला विचारू नका. दगडाला ताप येत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढे मी शाळेतल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, काही खडकांत चुना असतो, पाणी लागलं की तापतो. मग न्हाणीमागे वर्षानुवर्षं पाण्यात पडून तो गार कसा होता?

दुसऱ्या दिवशी उजाडताना हुसेनभाईंची गाडी दारात आली. दगड कोमट होता, कालच्यापेक्षा उतारावर. सासूबाई त्याच्याजवळच बसलेल्या होत्या.

"आत्या, बैल जुंपून उभे आहेत," मी म्हटलं. "निघायचं ना?"

"आजारी माणूस घिऊन गड चढत्यात व्हय?" त्या खेकसल्या. "आक्कल हाय का न्हाय तुला?"

मी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली. त्यांचं बोचकं सोडलं, लुगडी दांडीवर टाकली आणि चुलीवर पेज ठेवली.