दारातून कुणाला परत न पाठवणारी संयोगिता

संयोगितावर कुणीतरी चांगल्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. कारखान्यातल्या दोघातिघांना मी तसं सुचवूनही पाहिलं. त्यांना वेळ नव्हता, म्हणून मी बसलो आहे. काही चुकलं तर ते माझं समजावं, तिचं नव्हे.

मी आमच्या साखर कारखान्याच्या कॅन्टीनचा सुपरवायझर होतो. निवृत्त झालो, तरी दुपारचा चहा तिथंच घ्यायची सवय गेली नाही. कॅन्टीनच्या वर संगणक विभाग आहे. चहा घेऊन वर जायचं आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचं, एवढंच माझं काम. मी अडचण करतोय असं मला नेहमी वाटायचं. पण मी उठलो की संयोगिता म्हणायची, "बसा की आप्पा, आत्ता तर आलाय."

ती सगळ्यांनाच असं म्हणते. नोंदीची चौकशी करायला आलेला शेतकरी असो, नातवाचा निकाल बघून द्या म्हणणारी आजी असो, आधी खुर्ची, मग पाणी, मग काम. तिच्या शेजारी बसणारा वीरधवल तिला चिडवायचा, "ताई, हे हापिस हाय का सासुरवाडी?" ती म्हणायची, "तुझी सासुरवाडी असती तर तुला पाणीबी मिळालं नसतं."

ती कडेगावकडची. इस्लामपुरात इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून परत आली. परत येण्याचं कारण तिच्या आईच्या उसात आहे. आमच्याकडं ऊस लावला की कारखान्याकडं नोंद करावी लागते, आणि ज्याची नोंद आधी त्याच्याकडं तोडणीची टोळी आधी जाते. गावांचे गट पाडलेले, आणि गटागटातून नोंद घ्यायला चिटबॉय फिरायचा. पोरगा नव्हे हो, चांगला मिशावाला माणूस, पण कारखान्यात त्याला चिटबॉयच म्हणतात. ज्यांच्या घरचे पुरुष चिटबॉयच्या मागं मोटारसायकल घेऊन फिरतील, त्यांची नोंद आधी व्हायची. संयोगिताचे वडील गेल्यावर तिची आई, अंबूबाई, बांधावर वाट बघत बसायची. नोंद मागं पडायची, टोळी उशिरा यायची, तोवर उसाला तुरा येऊन वजन घटलेलं असायचं.

म्हणून संयोगितानं संचालक मंडळाच्या मागं लागून नोंद मोबाईलवर आणली. ज्यानं आधी बटण दाबलं, त्याची नोंद आधी. मग ती बाई असो नाहीतर बागायतदार.

यंदा नोंदीचा पहिला दिवस उजाडला आणि सगळं अडकलं. कुणाच्या मोबाईलवर पान उघडेना, उघडलं तर पुढं सरकेना. एक संचालक वर येऊन ओरडले, "अगं, गर्दी हाय तर दारं वाढव की!" तिनं वाढवली, आणि जे थोडंफार चालू होतं तेही बंद पडलं.

संध्याकाळी कार्यकारी संचालकांनी तिला बोलावून घेतलं. "सोमवारी पलूस गटाची नोंद तुझ्या पद्धतीनं घेऊ," ते म्हणाले. "अडकलं तर पुढचे सगळे गट पहिल्यासारखे. चिटबॉय नोंद घेईल." साहेब माणूस वाईट नाहीत. दिवसभर लोकांच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा ती नुसती पडद्याकडं बघत होती. काय बिघडलंय हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तिनंच सांगितलं, आणि माझ्यासाठी कॅन्टीनच्या भाषेत सांगितलं.

"आप्पा, पुढं एक सर्व्हर हाय, तो तुमच्या काउंटरसारखा. लोक त्याच्याकडं येतात. आत दुसरा सर्व्हर हाय, जावा नावाच्या संगणकी भाषेत चालणारा, ती भटारखान्यातली माणसं. खरी नोंद तीच करतात. काउंटरवरनं आत निरोप जायला लाईन लागते. मी काल काउंटर वाढवले, पण आतली माणसं तेवढीच. सगळे आत ओरडायला लागले आणि आतल्यांना काय सुधरेना."

"मग आतली माणसं वाढवायची," मी म्हणालो.

"वाढवून बघितली. पण ती काम करत न्हाईत, आप्पा. नुसती थांबून हायत. कशाला थांबल्यात तेच कळंना."

तेवढ्यात नाथाजी आले. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पलूसकडचे मोठे ऊसवाले. एका हातात दोन मोबाईल, काखेत नातीचा लॅपटॉप. सोमवारी तरी चालणार का, हे विचारायला आले होते. संयोगितानं त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"आमी तर पोझिशन घेऊन बसलोय," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे आत्तापासनं पान उघडून ठेवलंय. तिन्हीवर. सुनंच्या फोनवरबी. मधी मधी बोट ओढायचं, जागा सोडायची न्हाई. टँकर यायच्या आधी आपण घागर लावून ठेवतो का न्हाई? तसं. काल आमच्या आख्ख्या गल्लीनं लावल्यात घागरी."

वीरधवल मोठ्यानं हसला. संयोगिताही हसली आणि हसता हसता एकदम पडद्याकडं वळली. नाथाजी गेल्यावर तिनं काहीतरी उघडलं, आणि वीरधवल तिच्या खांद्यावरून बघू लागला.

"ताई, गप बसलेल्या माणसाची लाईन किती वेळानं तोडायची, त्याची मुदतच न्हाई हितं. कुणी काढली?"

"मी."

"का?"

"अर्ज भरता भरता कुणाचं बंद पडलं तर? आईला एक ओळ टाईप करायला किती वेळ लागतो, बघितलंयस तू. म्हटलं, दारात आलेल्याला आपण कशाला घालवायचं?"

मी चहा खाली ठेवला. तिच्या स्वभावातली जी गोष्ट मला सगळ्यात आवडायची, तिनंच घोटाळा केला होता. पान उघडून बसलेला प्रत्येक जण काउंटर अडवत होता, आणि त्या प्रत्येकासाठी आतला एक माणूस लाईन धरून उभा होता. काम काहीच नाही. ज्याला खरंच नोंद करायची होती, तो बाहेर.

पुढं तिनं जे केलं ते मला समजलं तेवढंच सांगतो. आत जाणाऱ्या लाईनी तिनं माणसागणिक ठेवल्या नाहीत. थोड्याच ठेवल्या, पण कायम जोडलेल्या. एकाचं काम झालं की तीच लाईन दुसऱ्याला. दर वेळी नवी जोडायला नको आणि कुणी अडवायलाही नको. पुढं किती घ्यायचे आणि आत किती झेपतात, याचा दोन्हीकडं मेळ घातला. अध्यक्ष आणि संचालकांचे मोठमोठे फोटो पहिल्या पानावर आहेत, तेसुद्धा दर वेळी आतून मागवले जात होते. फोटो काढायची कुणाची छाती होती? ते तिनं पुढच्या सर्व्हरलाच देऊन टाकले. वीरधवल म्हणाला, "बरं झालं, साहेब लोक भटारखान्यातनं भाईर आले."

राहिली मुदत. तिथं मात्र तिचा हात चालेना. "तोडायचं म्हंजे कसं वाटतं हो," असं ती माझ्याकडं बघून म्हणाली. मी काय सांगणार? शेवटी तिनं मधला रस्ता काढला. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवायचा, परत आलं की तिथूनच पुढं. नुसतं उघडून बसलेल्याची लाईन मात्र सोडवायची. ते केलं आणि ती उठून तोंड धुऊन आली.

सोमवारी सकाळी नोंद उघडली. तिनं कुणाला पाणीही विचारलं नाही, इतकी ती पडद्यात होती. नोंदी येत होत्या, थांबत नव्हत्या. मग नाथाजींचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "पोरी, मला भाईर काढलं की गं! पयल्यापासनं बसलो हुतो!"

"आवं काका, परत उघडा. जागा धरायला लागत न्हाई आता."

पलीकडं त्यांनी दुसऱ्या मोबाईलवर पान उघडलं. मग, "झाली म्हणतंय नोंद. इतक्यात कशी झाली? खोटी तर न्हाई?"

दुपारी साहेब वर आले. पडद्यावरचा आकडा बघितला, परत वाकून बघितला. "कडेगाव गट कधी घेतेस?" एवढंच विचारून ते खाली गेले. वीरधवलनं टेबलावर थाप मारली. संयोगितानं आईला फोन लावला, आणि कुणी उचलायच्या आधीच तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी रंगूबाई नावाची एक बाई एसटीनं आली. पलूस गटातली, घरी एकटी, थोडी जमीन. मोबाईलवर झालेल्या नोंदीवर तिचा विश्वास नव्हता, पुढं केलेलं पाणीही तिनं घेतलं नाही.

"माझं नाव दाव."

संयोगितानं पडदा तिच्याकडं फिरवला. रंगूबाईनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि खालच्या नावांवरून हळूहळू फिरवत नेलं.

"ह्यो सुभेदार म्हंजे आमच्या गावचा नाथाजी?"

"व्हय."

"माझ्या खाली हाय त्यो?"

"दोन नावं खाली."

रंगूबाई खुर्चीत मागं टेकून बसली. "लय ब्येस झालं," ती म्हणाली. "पाणी दे बघू आता. आन् त्या चिटबॉयला सांग, रंगूबाईनं चहाला बोलावलंय. आता काम न्हाई, नुसतं चहाला ये म्हणावं."