सत्काराची चादर

चौथीत शाळा सुटली आणि मी विजापूरपलीकडच्या गावाहून सोलापुरात, चादरींच्या कारखान्यात आले. तयार चादर उलटून तुटका धागा शोधायचा, हे माझं काम. आमच्या गल्लीत नळ आणणाऱ्या नगरसेविकाबाईंचा सत्कार ठरला आणि त्यांना चादर पांघरायचा मान मला मिळाला. चारचौघांत काही चुकेल, अशी मला धास्ती होती. स्टेजवर बाई समोर उभ्या राहिल्या आणि मी सवयीनं चादर उलटून तपासायलाच लागले!

खालून शेजारीण ओरडली, "अगं, पांघर की! माल पास करायला उभी हाईस व्हय?"

सगळे हसले. मला रडूच यायला लागलं.

बाई म्हणाल्या, "बघू दे तिला. नळ जोडला तवा मी बी गळतोय का बघूनच घरी गेले."

मग मी चारही काठ निवांत तपासले आणि चादर त्यांच्या खांद्यावर घातली.