डाव्या हाताची गाठ

आधी नरसम्माअक्कांचं नाव लिहितो, मग बाकीचं. सातवीत शाळा सोडून मी देवगडकडून सोलापूरला आलो तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. ओळखपाळख नसताना अक्कांनी घराच्या ओसरीवर जागा दिली, जेवू घातलं आणि "आमचाच हाय" सांगून अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात चिकटवलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या कोकणात असल्या गोष्टी घरोघरी, मी हसणाऱ्यांतला.

कामावर मात्र जीव टांगलेला. मागावर ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली की चटकन सांधावी लागते... माझी गाठ सुटायची. शनिवारी मुकादम म्हणाला, "सोमवारी बघतो. न्हाय जमलं तर गावाला जाऊन आंबे विक की!" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री भाकरी अर्धी टाकून उठलो. घरी काय तोंड दाखवणार?

रविवारी दुपारी अक्का म्हणाल्या, "चल बाबू, अध्यक्षांचं घर दावते. तोंड बघ कसं झालंय."

हे अध्यक्ष म्हणजे एके काळचे नगराध्यक्ष, मूळचे विणकर. त्यांच्या राहत्या घराचं आता छोटं संग्रहालय केलंय. दाढीचं सामान, मुलांच्या पाट्या, आणि आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीचा हातमाग — त्या वारल्या तेव्हा अर्धवट विणून राहिलेल्या लुगड्यासकट. अक्का रखवालदाराशी बोलत ओसरीवर बसल्या. आत मी एकटाच.

मागावर एक तार तुटून लोंबत होती. 'हात लावू नये' ही पाटी वाचली, तरी हात गेलाच — आमच्या धंद्यात लोंबती तार बघवत नाही. दोनदा गाठ सुटली. तेवढ्यात मागून दोन हात माझ्या हातांवर आले. कोरडे, उबदार, खळीचा वास असलेले. तार उजव्या बोटांतून काढून डाव्या बोटांत दिली, अंगठा दाबला... गाठ बसली.

"कळलं, अक्का," म्हणत मी वळलो. खोलीत कुणी नव्हतं. ओसरीवरून अक्कांचा आवाज येत होता, "तेल लावून बघितलं की, गुडघ्याला काय फरक न्हाय!"

खरं सांगतो, भीती वाटली नाही.

सोमवारी तार तुटली. माझी बोटं आपोआप चालली. मुकादम वाकून बघत राहिला. "डावरा हायस व्हय रे? जेवतोस तर उजव्यानं!" म्हणाला, आणि पुढच्या मागाकडे गेला. नोकरी राहिली.

संध्याकाळी अक्कांना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्या थांबल्या. "अध्यक्षांच्या बायकोला आम्ही अम्मा म्हनायचो. त्या डावऱ्या हुत्या. त्या मागावर मला लई शिकवलं, पर मला डाव्यानं कधी जमलंच न्हाय बघ." मग तव्यावरची भाकरी करपली.

मनाचा खेळ म्हणावा तर डाव्या हातानं मला आजही साधी पेन्सिल धरता येत नाही. गाठ तेवढी येते. का, ते माहीत नाही.

अक्कांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. "एवढं पानी खरंच असतंय?" असं विचारतात. एकदा त्यांना देवगडला नेणार आहे. गुडघे दुखले तर वाळूपर्यंत पाठीवरून नेईन.