व्हॅलेंतिनाचा बाप्तिस्मा

लेबनॉनमधल्या आमच्या जज्झीन गावात नसीफकाकांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. पक्के कम्युनिस्ट. मुलीचं नाव रशियन अंतराळवीर बाईवरून ठेवलं व्हॅलेंतिना, आणि साऱ्या मारोनी ख्रिस्ती गावाच्या नाकावर टिच्चून तिला बाप्तिस्मा दिला नाही. "मोठी झाली की तिचं ती ठरवेल," हे वाक्य त्यांनी उभा जन्म मिरवलं.

व्हॅलेंतिनानं चाळिशी उलटल्यावर ठरवलं. शिवणकाम सांभाळून ती आमच्या पाद्र्यांकडे, अबूना बुत्रोसांकडे, बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीला जायची. धर्ममाता म्हणून मी उभी राहणार होते. "आयुष्यात एक तरी गोष्ट माझी मी करतेय," असं ती मला सारखी सांगायची.

त्या रविवारी सकाळी ती पांढऱ्या झग्यात चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिली. अबूनांनी पाण्यावर हात धरला, तेवढ्यात नसीफकाकांची बहीण, आडेलआत्या, बाकावरून उठली.

"थांबा अबूना. हिला मी दिलाय बाप्तिस्मा. तान्ही होती, तापानं काळीनिळी पडली होती. जातेय की काय म्हणून पाणी घातलं, शब्दही म्हटले."

 मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आणि एकदा झालेला पुन्हा होत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"आत्ता आठवलं तुला?" मी आत्याला फटकारलं.

"नसीफच्या धाकानं गप्प होते गं. पण दुसऱ्यांदा करणं पाप."

अबूनांनी विचारलं, "डोक्यावरून पाणी ओघळलं होतं, की नुसता ओला फडका फिरवलात?"

आत्या गडबडली. "नक्की नाही सांगता येत."

व्हॅलेंतिनाच्या जिवात जीव आला. पाणी ओघळल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही, आणि शंका असली तर पुन्हा घालता येतं. "घाला, अबूना," ती म्हणाली. अबूनांनी ओंजळ भरली.

"ओघळलं होतं." दारातून आवाज आला. नसीफकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. "वाटी मीच भरून दिली होती."

म्हाताऱ्याचं तोंड दाबावं असं मला वाटलं. गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं?

अबूनांनी ओंजळ रिकामी केली. व्हॅलेंतिना दारापर्यंत चालत गेली. "मला ठरवू देणार होतात ना, बाबा?"

"त्यासाठी आधी तू जगायला हवी होतीस," काका म्हणाले.

 ती रडतच माघारी आली आणि अबूनांपुढे कपाळ केलं.

"बाप्तिस्म्यानंतरचं पवित्र तेल तरी कुणी लावलेलं नाही ना? ते पाद्र्याशिवाय कुणाला लावता येत नाही. ते लावा. हे मी मागतेय."