कठड्यावरची भाकरी

पानशेतला आमची खानावळ आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं धरण बघायला येतात, पिठलं-भाकरी खाऊन जातात. पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी बहीण-भाऊ आले. पुण्यात शिकत होते, अफगाणिस्तानचे. देश ऐकला आणि मी जरा लांबूनच वाढायला लागलो. त्या देशाचं टीव्हीवर दिसलं तेवढंच मला ठाऊक : बंदुका, दाढ्या, धूर.

जेवताना मुलीच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. तिनं तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला टेकवला आणि उठून ओट्याच्या कठड्यावर ठेवला.

माझ्या डोक्यात एकच आलं, उतारा! आमच्याकडं कुणाची पीडा उतरवून भाकरी अशीच बाहेर ठेवतात. मी तो तुकडा काठीनं ढकलून दिला आणि ओरडलो, "असले धंदे हितं चालायचे न्हाईत. उठा!" भाऊ हिंदीत काही समजावत होता. मी ऐकून घेतलं नाही. भरल्या ताटावरून उठून दोघं एसटीच्या थांब्याकडं गेली.

बायको पार मागं चुलीपाशी होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. तिला म्हणालो, "तिखट सोसलं न्हाई त्यास्नी."

माझी सासरवाडी भोरजवळ, उत्रोलीला. तिथं गेलो की भोरच्या वाचनालयातून पुस्तक आणतो. यंदा एका अफगाण बाईच्या आठवणी आणल्या, मराठीत आलेल्या. लढाईचं वाचायला मिळेल म्हणून. लढाई होतीच. पण गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळूही होते, रोट्या भाजून आणायला गल्लीतल्या तंदूरवर कुणी जायचं यावरून बहिणींची भांडणंही. आणि एका पानावर, गल्लीत गोळीबार चालू असताना तिचे वडील वाकतात, पडलेली रोटी उचलतात, ओठांना लावतात आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून भिंतीवर ठेवतात. पाखरं खातील म्हणून.

पडलेला घास आम्हीही कपाळाला लावतोच की.

परवा बायकोला खरं सांगितलं. भाकरी थापायची थांबली ती.

"म्या तवापासनं पिठल्यात मिरची कमी घालते," ती म्हणाली. "लेकरं उपाशी गेली म्हणून."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? त्यास्नी सांगा."

मधल्या काळात त्यांच्या देशात राज्य पालटलं. ती दोघं परत गेली, की अजून पुण्यात आहेत, कोण जाणे. शोधायचं तर निदान नाव पाहिजे. ते मी विचारलंच नव्हतं.