जावईबापूंचा बर्फ

अकोल्यात मार्चमध्येच माणूस कूलरला पाणी भरायला लागतो. अशा वेळी "चला, बर्फात नेतो" म्हणणारा जावई कुणाला गोड वाटणार नाही? आमचे निखिलराव पुण्याचे, बर्फातल्या डोंगरवाटांचं रीतसर शिक्षण घेतलेले. तिकिटं त्यांनीच काढली. बाळापूर रस्त्यावरचा वांगी-मेथीचा मळा दिराच्या भरवशावर टाकून आम्ही नवरा-बायको, लेक रश्मी आणि जावई हिमाचलाकडे निघालो.

मनालीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात उतरलो. थंडी अशी, की घरून नेलेले लाडू फोडायला बत्ता लागावा. तिथं सिड्डू (अक्रोड भरून वाफवलेला कणकेचा गोळा, वर तूप) खाल्ला. आपल्या रोडग्याचा गोरा भाऊच तो. ह्यांनी पोटाला तड लागेस्तोवर खाऊन "पचायले हलका हाय" असा निकाल दिला.

सकाळी दोर्जे नावाच्या वाटाड्यानं प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलं.

"हे कायचं?" मी विचारलं.

"आई, बर्फाखाली गाडले गेलो तर बाकीच्यांना सापडावं म्हणून," जावई हसतमुखानं म्हणाले.

वा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी निघालो.

धापा टाकत वर पोचलो, तर एक तिरका पांढरा उतार आडवा आला. पलीकडे खिंड. तिथून दिसणाऱ्या शिखरांची वर्णनं जावयांनी गाडीभर ऐकवली होती. दोर्जेनं बर्फात कंबरभर खड्डा खणला आणि जावयांनी आम्हाला थर समजावले. खाली जुना, कडक, गुळगुळीत बर्फ. वर परवाच्या वाऱ्यानं आणून लोटलेला ताजा. दोघांची सोयरीक अजून जुळलेली नाही. दोर्जेनं तिथंच एक ठोकळा कापला, त्यावर फावडं ठेवून हलक्या थापा मारल्या. लगेच वरचा थर सुटला, तूप लावलेल्या ताटातून वडी सुटावी तसा.

"मैं तो मना करूँगा, सरजी," दोर्जे म्हणाला. "धूप भी चढ़ रही है."

जावयांनी आमच्याकडे पाहिलं. "एकेकानं, अंतर ठेवून जाऊ. आई-बाबा एवढ्या लांबून आलेत. आधी मी, मग रश्मी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मंडईत अडत्याशी घसा फाटेस्तोवर भांडणारा हा माणूस म्हणाला, "जवाईबापू म्हणतीन तसं. आपल्याले काय समजते?" रश्मी बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत बसली.

जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला नाही म्हणायचं नाही. त्या मानापायी माझी एकुलती एक पोर त्या उतारावर पाय ठेवणार होती. गुडघा दुखायचं नाटक करावं, असंही मनात आलं. पण मग मला खाली बसवून ती दोघं खुशाल गेली असती.

"जवाईबापू," मी म्हटलं, "मले भेव लागून राहिलं (भीती वाटतेय). माह्या पोरीले मी तिथं जाऊ देत नाही. तुमालेबी नाही."

मांडवात व्याह्यांची पंगत उठवल्यासारखे हे माझ्याकडे बघायला लागले. जावयांनी हातमोजा काढून तोंड पुसलं.

"आई, मलाही मघापासून नकोच वाटतंय. पण तुम्ही म्हणाल, जावयानं हौसेनं आणलं आणि अर्ध्यातून परत नेलं."

घ्या! हा पोरगा आमच्यासाठी मरायला निघालेला, आणि आम्ही त्याच्या मानासाठी! शिकलेला काय नि अडाणी काय, सगळे एकाच माळेचे मणी. दोर्जेनं फावडं पाठीला लावलं आणि आम्ही उतरलो.

दिवसभर खालून मी त्या उताराकडे बघत बसले. मेला पडेल तर शपथ! एक ढेकूळ घरंगळलं नाही. मग काय, ह्यांना रान मोकळं. अकोला स्टेशनात ऑटोवाल्यालाही सांगून झालं, "बायकोले भेव लागलं, नाहीतर शिखर पाहून आलो असतो." सांगा बापा. बर्फ कोसळून माझं म्हणणं खरं ठरावं, एवढी मला खरं ठरायची हौस नाही.

घरी आल्यावर मळ्यातल्या वांग्यांची आपली झणझणीत भाजी केली. लग्न झाल्यापासून निखिल ती डोळे पुसत खातो आणि "मस्त" म्हणतो. या खेपेला त्यानं पहिल्याच घासाला ताट सरकवलं.

"आई, ही भाजी मला कधीच झेपली नाही."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी हसत उठले आणि त्याच्या पानात दही वाढलं.