निळ्या गोलातली बातमी

विट्याच्या बाजूला आमच्याकडं बहुतेक घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात. सराफांचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, आणि त्यासाठी जिथं सराफपेठ असेल तिथं जाऊन राहायचं. नवऱ्याच्या वाट्याला तंजावूर आलं, म्हणून माझ्याही.

नववीनंतर माझी शाळा सुटली होती. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. दहावीचा वर्ग दुसऱ्या गावात, एसटीचा भरवसा नाही, घरात धाकटी भावंडं. कोणी रागावून शाळा बंद केली नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही, असं होत होत सुटली. पण त्याची धास्ती मात्र जन्माची लागली. कुठलाही कागद भरताना ‘शिक्षण’ या रकान्यापाशी माझ्या तळहाताला घाम येतो. अजून येतो.

राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. समोरच्या घरात एक बाई एकटीच राहायची. नवीन असताना एकदा मी दारात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता डोळे पुसत होते. ती बाई कामावरून येत होती, ती थांबली आणि म्हणाली, “कां गे रडतेस? कोठली तूं?”

इतक्या लांब मराठी ऐकून मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. तिचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडं आलेले. ‘कोठें’, ‘येथें’, ‘तेथें’ असं ती बोलायची, आमच्याकडं कीर्तनात ऐकू येतं तसं, आणि सूर मात्र सगळा तमिळ. मध्येच ‘सुम्मा’ म्हणायची, म्हणजे उगीच, सहज. ‘सुम्मा आलें’, ‘सुम्मा विचारिलें’. मराठी तिला वाचता येत नव्हतं. मला तमिळ बोलताही येत नव्हतं. मी तिला अक्का म्हणायला लागले आणि आमचं जमलं.

अक्कानं मला काय काय दिलं ते सांगायला बसले तर हा लेख तिथंच संपेल. रेशनकार्ड तिनं करून दिलं. पोटातलं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी नवऱ्याच्या आधी ती होती. संध्याकाळी पायरीवर बसवून तमिळ अक्षरं तिनंच गिरवून घेतली. चुकले की म्हणायची, “हें अक्षर आहे का मुंगूस?” आणि एक दिवस ती मला तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन गेली. ती तिथं सहायक ग्रंथपाल होती. वर्तमानपत्रांच्या विभागात रोजंदारीवर एक माणूस हवं होतं. तिनं वर जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण मला घेतलं.

ते काम तिचं लाडकं होतं. चालू घडामोडी आणि शिक्षणनिधीच्या बातम्या, अशी एक मार्गदर्शिका ग्रंथालय दर आठवड्याला काढायचं. एका बाजूला स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी देशातल्या-जगातल्या घडामोडी, दुसऱ्या बाजूला कुठल्या शिष्यवृत्त्या निघाल्या, कुठला निधी कोणासाठी, अर्ज कधीपर्यंत. ती बोर्डावर लागायची आणि ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरही चढायची. मुलं बोर्डाला चिकटून उभी असायची. पापनाशमहून बसनं येणारी एक मुलगी तर सोमवारी आधी बोर्ड बघायची, मग वर्गात जायची.

रीत अशी होती. सकाळी अक्का सगळी वर्तमानपत्रं चाळायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची. लाल खूण म्हणजे बातमी थेट मार्गदर्शिकेत. निळा गोल म्हणजे थांब. त्या निधीच्या कार्यालयाला फोन करून खरं-खोटं केल्याशिवाय ती लावायची नाही, तोवर डब्यात ठेवायची. ही निळ्या गोलाची पद्धत अक्काचीच. पूर्वी एकदा कच्ची बातमी लागली होती, मुलं कागदपत्रं घेऊन कुठल्या कुठल्या गावाहून धावत आली आणि हात हलवत परत गेली. तेव्हापासून ती म्हणायची, नसलेल्या बातमीपेक्षां खोटी बातमी वाईट. मला ते फार पटलं होतं.

माझं काम कापायचं, चिकटवायचं, टंकलेखन करणाऱ्या बाईंकडं नेऊन द्यायचं. वाचायचं नाही. म्हणजे तसा नियम नव्हता, पण तमिळ मी अक्षर अक्षर जोडत वाचायची आणि सगळं वाचत बसले असते तर दुपार झाली असती. अक्कानं बघितलंय म्हटल्यावर मी कशाला बघू? मी तिच्या खुणेवरनं कात्री चालवायची.

याच काळात मी तिला सांगितलं की मला दहावी करायची आहे. हे बोलायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. ती हसली नाही. म्हणाली, शाळा सुटलेल्या बायकांसाठी विद्यापीठामार्फत एक निधी येणार आहे, फी, पुस्तकं, सकाळचे वर्ग, सगळं त्यात. बातमी आली की पहिली तुला सांगते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भट्टीपुढून उठून आला होता, घामानं निथळत. म्हणाला, “कर की. दुकानात तुझं कुठं अडतंय.” त्याच्या बोलण्यात टोमणा होता की परवानगी, मी विचारलं नाही. परवानगी धरून चालले.

मग मी वाट बघत राहिले. अक्काला रोज विचारायची लाज वाटायची. उपकारावर उपकार मागतोय असं वाटायचं. शेवटी एका सोमवारी सुट्टी होती तेव्हा मी स्वतःच शहरात दहावीचे वर्ग चालतात त्या अभ्यासकेंद्रात गेले. तिथल्या कारकुनानं माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स हातातसुद्धा घेतली नाही. निधीची मुदत गेल्या आठवड्यात संपली, म्हणाला. वर्तमानपत्रात मोठी बातमी होती, चार बायकांचा पुस्तकं धरलेला फोटो होता. कुठं काम करता? मी सांगितलं. तो जरा हसला. ग्रंथालयात असून तुम्हाला माहीत नाही?

तो फोटो मी कापला होता. एका बाईचं कोपर कात्रीत येत होतं म्हणून वळसा घेतला होता. भोवती निळा गोल होता. मी ती बातमी नेऊन डब्यात ठेवली होती. माझीच बातमी, माझ्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी कामावर अक्का एकटी होती तेव्हा विचारलं. मला वाटत होतं ती म्हणेल, राहून गेलं गे, फोन लागला नाही. तसं म्हणाली असती तर मी लगेच खरं धरलं असतं. तिनं चष्मा काढला आणि खरं ते सांगितलं.

“फोन केला होता मी. बातमी खरी होती.”

“मग?”

“पाहणी करायला समिती येत्ये. मार्गदर्शिकाच दाखवायची आहे मला, माझ्या नोकरीचें शेवटलें वर्ष. तूं सकाळीं वर्गाला गेलीस तर हें कोण करील? पुढच्या वर्षीं येईल की निधी. तूं कोठें म्हातारी झालीस?”

मी हो म्हणाले. खरंच हो म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, आत कुठंतरी पटवूनही घेतलं. दवाखान्यातली उशी आठवली, पायरीवरची अक्षरं आठवली. इतकं दिलेल्या माणसानं एक वर्ष मागितलं तर काय झालं, असं स्वतःला सांगितलं. घरी मात्र भात करपला आणि नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी गॅसला नावं ठेवली.

समिती आली तेव्हा ग्रंथालयात फुलं लावली होती. तीन पाहुणे, त्यांत एक बाई, बाहेरच्या विद्यापीठातल्या. अक्का कांजीवरम नेसली होती. मार्गदर्शिकेचे सगळे अंक बांधून टेबलावर मांडले होते. पाहुण्या बाई चाळत होत्या, मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, याचा कोणाला फायदा झाला, असं कोणी आहे का इथं? मुलं सुट्टीवर गेली होती. अक्कानं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तमिळमध्ये ती म्हणाली, ही बघा. शाळा सोडलेली मुलगी, परप्रांतातली. आमच्या मार्गदर्शिकेमुळं आता दहावी करते आहे.

तिचा हात जड नव्हता. पण मला हलता येईना. पाहुण्या बाई माझ्याकडं वळल्या, चांगलं हसल्या, आणि विचारलं की शाळा सुटलेल्या बायकांसाठी निधी निघाला होता, त्यात नाव घातलं का.

नाही, म्हणाले मी.

का? मार्गदर्शिकेत आला नव्हता का?

मी अक्काकडं बघितलं. ती अंकांच्या कडा सारख्या करत होती. एक शब्द तिनं बोलायचा होता. राहून गेलं, एवढंसुद्धा चाललं असतं. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते आणि मला तिची भीती वाटली नाही, दया आली. मीच म्हणाले, कापायचं काम माझं आहे. माझ्याकडून राहिलं.

मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, चूक हिची नाही. तिनं पाहुण्यांना पुढचं दालन दाखवायला नेलं.

पाहुण्या बाईंनी जाताना वर सांगितलं म्हणे की काम उत्तम आहे, पण असल्या कामावर शिकलेलं माणूस हवं. त्यांचं काही चुकलं नाही. ऐकलं त्यावर त्या बोलल्या. महिना संपायच्या आत कापायच्या टेबलावर एक पदवीधर मुलगा आला आणि मला तळघरातल्या रॅकांची धूळ झाडायला पाठवलं. थोडे दिवस झाडली. मग तिथंही माणूस नको झालं.

काम सुटलं त्या संध्याकाळी अक्का आमच्याकडं आली. डांगर पचडी आणली होती, मला आवडते म्हणून. भिजवलेलं उडदाचं पीठ, वर दही, वर फोडणी. नवरा घरात होता, त्यानं तिला खुर्ची दिली. मी तिला पाणी दिलं आणि उभीच राहिले. तो दुकानात गेल्यावर मी विचारलं, “अक्का, तिथं तुम्ही का नाही बोललात?”

तिनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. “तुझें काय गेलें सांग. तूं रोजंदारीवर. तुला दुसरें काम मिळेल. माझ्या हातून चूक झाली असें समितीनें लिहिलें असतें तर माझें सगळें आयुष्य त्या ओळींत गेलें असतें.”

ती खोटं बोलत नव्हती. ती कधीच खोटं बोलायची नाही माझ्याशी, हेच तर वाईट होतं. तिला खरंच वाटत होतं की माझं काही गेलं नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अक्षरं शिकवली, आणि तरी माझ्याजवळ जाण्यासारखं काही असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मी पचडी खाल्ली. ती समोर बसली होती म्हणून खाल्ली.

नंतरचं वर्ष मी वर्तमानपत्र घरी लावलं. नवरा म्हणायचा, सोन्याचा भाव तेवढा सांग. भाव सांगून झाला की मी बाकीचं वाचायची, बोट ठेवून, ओळ ओळ. निधीची बातमी आली नाही. मुदतीचा महिना उलटून गेल्यावर पुन्हा अभ्यासकेंद्रात गेले. कारकून तोच. त्यानं मला ओळखलं आणि या वेळी बसायला सांगितलं. निधी बंद झाला, म्हणाला. अर्जच आले नव्हते. बायकांना नकोय असं वर लिहून गेलं.

मी उठून बाहेर आले. पापनाशमची ती मुलगी आठवली, सोमवारी आधी बोर्ड बघणारी. ती सांगायची, तिच्या आईनं आठवीत शाळा सोडली होती. बोर्डावर असतं तर तिनं आईला सांगितलं असतं. अजून कोणी कोणाला सांगितलं असतं. मी इतके दिवस समजत होते की घात एकटीचा झाला, आणि एकटीचाच असल्यामुळं तो गिळता येतो.

अक्का आता निवृत्त झाली आहे. राहते समोरच, पण येणं-जाणं उरलेलं नाही. परवा बसस्टॉपवर भेटली, हातात भाजीची पिशवी, दम लागलेला. कशी आहेस विचारलं, आणि मग आपणहून विचारलं, “यंदा तरी नांव घातलेंस का गे निधींत?”

“निधी बंद झाला,” मी म्हणाले. “अर्ज आले नाहीत म्हणून.”

काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, पण बस आली. पायरी उंच होती. तिची पिशवी वर चढवायला माझा हात आपसूक पुढं झाला, दंडाला धरून तिलाही चढवलं. खिडकीतून तिनं विचारलं, संध्याकाळी येशील का. “पिशवी नीट ठेवलीय ना तेवढं बघून घ्या,” मी म्हणाले, आणि बस सुटायच्या आधी रस्ता ओलांडला.